नियंत्रित गटातली मुंगी

बाईंनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि त्यातली एकोणीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवण्यात गेली होती. विद्यापीठात फॉर्म द्यायला गेल्या तर खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "मुलीला स्वतः यावं लागेल, सही लागते." बाई म्हणाल्या, "मुलगी आलीय. जरा वर बघा." कारकुनाने वर बघितलं आणि ओशाळून शिक्का उलटा मारला. हा किस्सा बाई पुढे कितीतरी दिवस रंगवून सांगायच्या. नंतर मात्र विद्यापीठातली कुठलीच गोष्ट त्या कुणाला सांगेनाशा झाल्या.

शिकायचं हे वेड त्यांना वर्गातूनच लागलं होतं. दरवर्षी चाळीस मुलांत चार-पाच मुलं अशी निघायची की अक्षर त्यांच्या अंगाला लागतच नसे. मुलं मठ्ठ नसत. गल्लीतल्या कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांना तोंडपाठ असायचं, गोष्ट सांगायला उभी केली की वर्ग हसून लोटपोट व्हायचा. पण पुस्तक समोर ठेवलं की त्याच तोंडावरचा दिवा विझायचा. मुख्याध्यापक अशा मुलांना सरळ "ढ" म्हणून मोकळे व्हायचे. बाईंना ते पटत नसे. मधल्या सुट्टीत त्या या मुलांना जवळ घेऊन बसायच्या आणि शब्दांचे खेळ खेळायच्या. "कपाट म्हण. आता क न म्हणता म्हण." पोरं विचारात पडायची. "पाट." "विचार म्हण. आता वि काढून टाक." "चार." असे खेळ चार महिने चालले की त्यांतली दोन-तीन मुलं वाचायला लागायची. का लागायची, ते बाईंना नेमकं सांगता येत नसे. ते सांगता यावं म्हणून त्यांनी आधी संध्याकाळच्या कॉलेजातून शैक्षणिक मानसशास्त्रात एम.ए. केलं. नवरा बसडेपोत मेकॅनिक होता. बाई अभ्यासाला बसल्या की भांडी तो घासायचा. "तुझी परीक्षा आली की माझ्या हातांचं ग्रीस निघतं," असं म्हणायचा.

पीएच.डी.चे गाईड म्हणजे एक किडकिडीत, कडक शिस्तीचे सर होते. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "बाई, तुमचा अनुभव मोठा आहे. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. तुमच्या खेळांमुळे मुलं वाचायला लागली, की चार महिन्यांनी मोठी झाली म्हणून लागली? की कुणीतरी जवळ घेऊन बसलं म्हणून? सांगता येईल?"

"नाही सर," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला नाही, उलट बरं वाटलं. एकोणीस वर्षांत त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तेव्हा ठरलं ते असं. वाचनात मागे पडलेली साठ मुलं तीन शाळांतून निवडायची आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे. एका गटाला बाई आठवड्यातून चार दिवस, चाळीस-चाळीस मिनिटं चित्रं-अक्षरांची कार्डं वापरून खेळ शिकवणार. दुसऱ्या गटातली मुलं तेवढाच वेळ दुसऱ्या खोलीत चित्रं रंगवणार. त्याला म्हणायचं नियंत्रित गट. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांची परीक्षा घ्यायची. फरक दिसला तर तो खेळांमुळेच, असं छातीठोकपणे सांगता येईल. अट एकच होती. दुसऱ्या गटाच्या कानावर तोवर खेळ पडता कामा नयेत. आणि पालकांच्या संमतीपत्रात शेवटी एक ओळ होती, "अभ्यास संपल्यावर दुसऱ्या गटालाही हेच प्रशिक्षण देण्यात येईल." ती ओळ बाईंनी स्वतः आग्रह धरून घालून घेतली होती.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं. धाकटी म्हणजे बाईंची बहीण, आठ वर्षांनी लहान. बाई अठराव्या वर्षी अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात गेल्या आणि त्याच वर्षी त्यांची आई अंथरुणाला खिळली. घरी कुणीतरी हवं होतं. धाकटी चौथीत होती, तिला शाळेतून काढलं. वर्षभरासाठी, असं ठरलं होतं. आईने चार वर्षं काढली. त्यानंतर शाळेचा विषय निघाला नाही आणि धाकटीनेही तो कधी काढला नाही. पुढे ती कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायच्या मशीनवर लागली. लग्न झालं, नवरा ट्रकवर होता, महिन्यातले चार दिवस घरी असायचा. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती राहायची. खालच्या भट्टीमुळे तिच्या घराची फरशी बाराही महिने कोमट असे. तिला बसचा नंबर वाचता येत होता आणि सही करता येत होती. तिला एकच मुलगी होती. रांगायला लागल्यापासून ही पोर जमिनीवर सापडेल ते उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची, बटण, दोऱ्याचा तुकडा, बिस्किटाचा चुरा. म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे.

मुंगी आठ वर्षांची झाली, तिसरीत गेली आणि तिला वाचता येत नव्हतं. धाकटीने हे बाईंना सांगितलं ते सहज, भाजी निवडता निवडता. "माझ्यावर गेलीय," एवढंच म्हणाली.

मुंगीची शाळा बाईंच्या तीन शाळांतली एक होती. तिथल्या चाचणीत मुंगी अपेक्षेप्रमाणे मागे पडली. निवडीत बसणारी मुलं तोवर एकोणसाठ झाली होती आणि एक कमी होतं. बाईंनी दोन दिवस यादी तशीच ठेवली. चिठ्ठी इकडे पडली तर मुंगीला बारा आठवडे शिकवायला मिळेल, रीतसर, शाळेच्या वेळेत. घरी त्यांनी एक-दोनदा तिला घेऊन बसायचा प्रयत्न केला होता, पण शाळा, घर आणि अभ्यास यांत तो टिकला नव्हता. त्यांनी यादीत साठावं नाव लिहिलं. सरांनी सही करताना विचारलं, "सगळी मुलं अनोळखी आहेत ना?" बाई म्हणाल्या, "हो सर."

विभागातल्या शिपायाने पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. मुलांना नावं नव्हती, शाळावार दिलेले नंबर होते. मुंगीचा नंबर सत्तेचाळीस होता. शिपायाने तो उलगडून वाचला आणि डाव्या हाताच्या ढिगाऱ्यात टाकला. डावा ढिगारा नियंत्रित गटाचा होता.

त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण बाईंच्या डोक्यात हिशेब चालू होता. बारा आठवडेच तर आहेत. नंतर आपण हिला सगळ्यांच्या आधी घेऊ.

संमतीपत्र त्यांनी धाकटीला स्वतः वाचून दाखवलं. धाकटीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे मुंगीला नंतर?"

"नंतर. तीन महिन्यांनी."

"तीन महिन्यांत काय होतंय," धाकटी म्हणाली आणि सही केली.

तिसऱ्या आठवड्यात मात्र ती कारखान्यातून सुटल्यावर थेट बाईंच्या घरी आली. खांद्यावर अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. चप्पलही न काढता दारातच म्हणाली, "ताई, मुंगीला इकडच्या गटात घाल ना. शेजारची पोर तुझ्याकडे येते. घरी येऊन काय काय बोलते. मुंगी नुसती बघत बसते."

"अगं, असं मधेच बदलता येत नाही."

"चिठ्ठीच तर आहे. दुसरी टाक."

"एकीसाठी बदलली तर सगळ्या अभ्यासावर पाणी पडेल. तीस मुलं आहेत तिकडे, सगळ्यांच्याच आया..."

"बाकीच्या तिकडे असतील," धाकटी म्हणाली. "मी तुला विचारतेय." मग स्वतःच मान हलवली. "जाऊ दे. तुझं काम आहे, तुला कळतं." पाणी पिऊन ती गेली.

सहाव्या आठवड्यातल्या एका रविवारी दुपारी बाई धाकटीकडे गेल्या. जिना चढतानाच त्यांना आतून मुलींचा आवाज आला. दार उघडंच होतं. कोमट फरशीवर मुंगी आणि शेजारची मुलगी समोरासमोर बसल्या होत्या. शेजारच्या मुलीचे पुढचे दोन दात पडले होते म्हणून तिला दातपडकी म्हणायचे. बाईंच्या गटातली ती सगळ्यांत तल्लख मुलगी होती. दोघींच्या मध्ये कार्डं मांडलेली होती. कॉलर कापायच्या जाड पुठ्ठ्याची कार्डं, कडा कारखान्याच्या कात्रीने सरळ कापलेल्या. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने काढलेलं चित्र, कपाट, मगर, विहीर, आणि खाली मोठी, वाकडीतिकडी अक्षरं. अक्षरं धाकटीची होती. दातपडकी जे शिकून येईल ते धाकटी तिच्याकडून रोज संध्याकाळी समजून घेत होती आणि कामावरून आणलेल्या पुठ्ठ्यावर उतरवत होती.

"मावशी, बघ," मुंगी म्हणाली. तिने एक कार्ड उचललं, चित्रावर तळहात ठेवला आणि नुसती अक्षरं उघडी ठेवली. बोट फिरवत, ओठ हलवत ती म्हणाली, "म... ग... र. मगर." दुसरं उचललं. "वि... ही... र." अशी ती एकामागून एक वाचत गेली. एके ठिकाणी अडली, मागे गेली, पुन्हा सुरुवात केली आणि वाचलं. अंदाजाने वाचणारं मूल बाईंना एकोणीस वर्षांत पुरतं ओळखू येत होतं. हे तसं नव्हतं. ही पोर वाचत होती.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर बाईंना लहानपणानंतर कधी न दिसलेलं काहीतरी होतं. "मावशी शब्दातला मा काढला तर काय राहतं, विचार तिला," ती म्हणाली. मुंगी खुदकन हसून म्हणाली, "वशी!"

बाईही हसल्या. त्यांना भरून आलं, त्यांनी मुंगीला जवळ घेतलं. आणि तिचं डोकं अजून त्यांच्या खांद्यावर होतं तेवढ्यात त्यांना आठवलं, नंबर सत्तेचाळीस.

संध्याकाळी परत निघताना त्या धाकटीला म्हणाल्या, "हे सहा आठवडे थांबव."

"काय थांबव?"

"ही कार्डं. ती नियंत्रित गटात आहे. तिला हे यायला लागलं तर माझा सगळा अभ्यास खोटा ठरतो. सहाच आठवडे. परीक्षा झाली की मी स्वतः येऊन बसते, रोज."

खालच्या दुकानातून इस्त्री आपटल्याचा आवाज येत होता. धाकटी म्हणाली, "तिला येतंय, ताई. मला बाकी कुणाचं कळत नाही, पण तिचं कळतंय."

"मला माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

"खूप गरजेचं आहे का?"

"खूप," बाई म्हणाल्या.

धाकटीने कार्डं गोळा केली, दोऱ्याने बांधली आणि बाईंच्या हातात दिली. मुंगी बघत होती. "मावशी, माझं चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही गं. पण आता हे करायचं नाही. मी सांगेपर्यंत कुणी विचारलं तरी करायचं नाही. कबूल?"

"कबूल," मुंगी म्हणाली.

जिन्यात दातपडकी बसली होती. तिलाही बाईंनी बजावलं की वर्गातले खेळ वर्गातच खेळायचे. दातपडकीने मान डोलावली. तिने शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून ती मुंगीबरोबर खेळायलाच येईनाशी झाली, कारण दुसरा कुठला खेळ त्या दोघींना आता आवडत नव्हता.

शेवटची परीक्षा विभागातल्या एम.ए.च्या एका मुलीने घेतली. कुठलं मूल कुठल्या गटातलं हे तिला माहीत नव्हतं, नियमच तसा होता. तीन दिवस परीक्षा चालली. चौथ्या दिवशी बाई सरांच्या खोलीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. सर एकेक चाळत होते. एका कागदावर ते थांबले.

"हे काय? सत्तेचाळीस. सगळ्या प्रश्नांना शून्य. आणि खाली शेरा बघा. 'विद्यार्थिनी उत्तर देत नाही. मावशीने करू नको म्हणून सांगितले आहे, असे म्हणते. दोनदा समजावले. ओठ घट्ट मिटून बसली. शेवटी रडू लागली.'" सरांनी चष्मा काढला. "ही मावशी कोण?"

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी कागद हातात घेतला, तो शेरा स्वतः वाचला आणि मग सांगितलं. यादीपासून कार्डांपर्यंत सगळं, काही मागे न ठेवता.

सर रागावतील असं त्यांना वाटलं होतं. सर्वांसमोर लाज काढतील, नोंदणी रद्द करतील. सरांनी फक्त खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नात्यातलं मूल आपण घेतच नाही. मी दुसरं मूल शोधलं असतं, नाहीतर एकोणसाठांवर काम केलं असतं."

"आता काय करायचं, सर?"

"काय करायचं म्हणजे? काढून टाका. एका केसने काय फरक पडतो?" त्यांनी लाल पेन्सिलीने सत्तेचाळीस आकड्यावर आडवी रेघ मारली आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली.

एका केसने काहीच फरक पडला नाही. आकडेमोड केली तर निकाल खणखणीत निघाला. शिकवलेल्या गटातली मुलं दुसऱ्या गटाच्या कितीतरी पुढे गेली होती. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तळटीप आली, "एक विद्यार्थिनी तांत्रिक कारणास्तव वगळण्यात आली आहे." ती टीप बाईंनी स्वतः टाइप केली.

परीक्षा झाली त्या आठवड्यात बाई धाकटीकडे गेल्या. सोबत खऱ्या कार्डांचा नवा कोरा संच होता. मुंगीने तो पाहिला आणि आईच्या मागे गेली. बाईंनी लाडीगोडी लावली, गोष्ट सांगितली, मगरीचं चित्र दाखवलं. मुंगीने ओठ मिटून घेतले. "आता करायचं बरं का, आता चालतं," बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मुंगी त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू हेही कुणीतरी नंतर चूक ठरवेल. तिने एक शब्द उच्चारला तो चुकीचा, अंदाजाने, चित्र बघून. पंधरा दिवस बाई रोज जात राहिल्या. सोळाव्या दिवशी धाकटी म्हणाली, "आता नको, ताई. तू यायची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायला लागतं."

"मी वेगळ्या पद्धतीने..."

"तुझं काम झालं ना नीट?"

"झालं."

"मग बरं झालं," धाकटी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बाई शोधत राहिल्या, पण नव्हता.

संमतीपत्रातल्या त्या ओळीचंही काही खरं राहिलं नाही. नव्या वर्षी एका शाळेत नवे मुख्याध्यापक आले, त्यांनी अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून परवानगी नाकारली. दुसरीने पुढच्या सत्रात बघू म्हणून सांगितलं आणि बघितलं नाही. तिसऱ्या शाळेत बाईंनी आठ मुलांना शिकवलं. बाकीची एकवीस मुलं पुढच्या वर्गात गेली, कुणी शाळा बदलली, कुणी गाव सोडलं. त्यांतल्या एकाही पालकाने येऊन विचारलं नाही की ते प्रशिक्षण कधी देणार. एखादीने येऊन भांडावं असं बाईंना वाटायचं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक ज्येष्ठ परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंधाची तोंडभरून स्तुती केली. म्हणाले, "शाळेत नियंत्रित गट राखणं फार अवघड असतं. मुलं एकमेकांना शिकवतात, आया मध्ये पडतात. तुम्ही तो फार शिस्तीने राखलाय." टाळ्या झाल्या. सर टेबलाच्या कडेला बसून कागद सारखे करत होते. त्यांनी मान वर केली नाही. बाई "थँक यू" म्हणाल्या. नवरा मागच्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात बसला होता, तो एवढा खूश झाला की त्याचे डोळे भरून आले. त्याला बाईंनी घरी काहीच सांगितलेलं नव्हतं.

मग व्हायचं ते सगळं झालं. बाईंना अध्यापक महाविद्यालयात जागा मिळाली. त्यांची कार्डं शिक्षण खात्याने छापून शाळाशाळांत वाटली. मुंगीच्या शाळेतही खोकं पोचलं, ती तेव्हा सहावीत होती आणि तिची "मागच्या बाकावर बसव, त्रास देत नाही" एवढीच ओळख उरली होती. वर्गात नाव पुकारलं की ती उभी राहायची आणि खाली मान घालून शिक्षक दमेपर्यंत उभीच राहायची. आठवीत तिने शाळा सोडली. दोन वर्षं घर सांभाळलं आणि मग आईच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर लागली. हात चलाख होता. कापडाचा तुकडा बघून कुठल्या शर्टाचा ते सांगायची. नव्या डिझाइनचा कागद आला की मात्र शेजारणीला म्हणायची, "चष्मा विसरलेय, जरा वाच ना." तिला चष्मा नव्हता.

बाई रविवारी धाकटीकडे जात राहिल्या. दोघी बहिणी बोलायच्या, हसायच्या, दुखण्याखुपण्याला एकमेकींच्या उशाशी बसायच्या. फक्त धाकटी पूर्वी बाईंना कागदपत्रं वाचायला द्यायची, ती आता खालच्या इस्त्रीवाल्याकडून वाचून घ्यायची.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. महाविद्यालयात संशोधनाचे प्रस्ताव तपासायची एक समिती होती, तिच्यावर बाई होत्या. एका दुपारी एका विद्यार्थिनीचा प्रस्ताव आला. तिने मुलांच्या यादीत आपल्या भावाचा मुलगा धरला होता आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. बाईंनी समासात लिहिलं, "नात्यातील मूल वगळावे. दुसरे घ्यावे." विद्यार्थिनी समोरच उभी होती. "चालेल मॅडम, उद्याच बदलते," म्हणाली आणि कागद घेऊन गेली. एवढंच. मिनिटभराचं काम होतं. त्यानंतरच्या तासाला बाई वर्गात गेल्या, फळ्यावर विषय लिहिला आणि त्यांना पुढे बोलताच येईना. डोकं दुखतंय म्हणून त्यांनी वर्ग सोडला.

त्या रविवारी त्या धाकटीसमोर बसल्या. धाकटी जुन्या चादरीला टाके घालत होती. मुंगी आतल्या खोलीत होती. बाई म्हणाल्या, "तुला एक सांगायचंय. मुंगीची कार्डं मी नेली होती ना."

"हं."

"ते गरजेचं नव्हतं. तिला पहिल्या दिवशीच यादीतून काढता आलं असतं. मी सरांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी काढलंच असतं. आणि शेवटी काढलंच. तिचा पेपर धरलाच नाही. ती त्यात कुठेच नाहीये."

धाकटीची सुई थांबली. तिने विचारलं, "मग तू ती नेलीस कशाला?"

"मला वाटलं सगळं वाया जाईल."

"कुणाचं?"

बाई चादरीवरच्या टाक्यांकडे बघत राहिल्या.

"हे मला कशाला सांगितलंस, ताई?" धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मोठं काम आहे, खूप पोरांचं भलं होणार आहे, त्यात आपल्या एकीचं राहिलं, असं मी धरून चालले होते. कुठे तुझी कार्डं दिसली की मनात म्हणायचे, यात मुंगीचंही काहीतरी आहे. आता त्याचं मी काय करू?"

तिने चादर पुन्हा मांडीवर ओढली आणि टाके घालू लागली. बाईंनी पिशवी घेतली. मग उठल्या. धाकटी "बस ना" म्हणाली नाही, "जा" असंही म्हणाली नाही.

जिना उतरताना मागून पावलं वाजली. मुंगी होती. एकोणीस वर्षांची, आईसारखीच खांद्यात जरा वाकलेली. आतून तिने सगळं ऐकलं होतं. दोघी इस्त्रीच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. मुंगी म्हणाली, "मावशी, मला एक विचारायचं होतं. मला कधीतरी वाचता येत होतं का?"

"येत होतं."

"खरंच?"

"थोडेच दिवस. पण अंदाजाने नाही. नीट येत होतं."

मुंगीने मान डोलावली. "मला तसं आठवायचं," ती म्हणाली. "पण आईला विचारलं की ती विषय बदलायची. मग मला वाटायचं, मीच मनाने काहीतरी रचलंय." तिने रस्त्याकडे बघितलं. "सांभाळून जा. पुढच्या चौकात रस्ता खणलाय," एवढं म्हणून ती जिना चढून वर गेली.